सोनेरी काठाचा नकार

१९ मे

अनसूया म्हणते, निवृत्त माणसानं दैनंदिनी लिहू नये. त्याला लिहिण्यासारखं काही घडत नाही, मग तो हवामान लिहीत बसतो. खरं आहे. मागची सगळी पानं उन्हानं भरली आहेत.

पण आज घडलं. भर दुपारी, राजापेठेत कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं तेव्हा, आमच्या फाटकाशी पांढरी लांबलचक गाडी थांबली आणि तिच्यातून स्वानंद उतरला. माझा विद्यार्थी, नववी ब. स्नेहसंमेलनात कविता म्हणताना तिसऱ्या कडव्याला अडखळला होता आणि मी पडद्यामागून त्याला ओळ पुरवली होती. आता तो ‘क्षितिज’चा संचालक आहे. मार्डी रोडवर काचेची इमारत उभी राहिली आहे, तेच. अकरावी-बारावी सायन्सचं निवासी कॉलेज. परीक्षा त्यांची स्वतःची, मुलाखत स्वतःची, सरकारी ऑनलाइन फेऱ्यांशी संबंध नाही.

पाया पडून म्हणाला, “सर, ओळ पुरवायला पुन्हा तुम्हीच पाहिजे.”

तो मला ‘संस्कार व संवाद सल्लागार’ करणार आहे. काम असं, की वऱ्हाडातल्या गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांना अर्ज करायला सांगायचं. अर्ज फुकट. “सर, प्रत्येक पोराला वाटलं पाहिजे की हे कॉलेज आपल्यासाठीच आहे.”

किती उदात्त! मी विचारलं, “जागा किती?”

“साठ.”

“मग आता वाढवणार असशील?”

“नाही सर. अर्ज वाढवणार. परदेशातली मोठी विद्यापीठं शंभरातल्या चौघांना घेतात. आपण दोघांना घ्यायचं.”

अनसूयेनं पन्हं ठेवता ठेवता विचारलं, “घ्यायचे साठच, तर एवढी पोरं बोलवून करता काय?”

“काकू, ते ब्रँडिंगचं असतं,” स्वानंद हसून म्हणाला.

तो गेल्यावर मी तिला समजावलं, की देवळाचा गाभारा लहानच असतो, पण घंटा दूरवर ऐकू गेली पाहिजे.

“अच्छा,” ती म्हणाली. “म्हणजे घंटा वाजवायला तुम्ही.”

हिला काव्य कधी कळलंच नाही.

२३ मे

मोर्शी. एस.टी.नं गेलो, स्वानंद गाडी देत होता, पण खिडकीशी बसून संत्र्याच्या बागा पाहायच्या होत्या. बस भुजंगप्रयातात चालते, विशेषतः रस्ता खराब असेल तेव्हा.

शाळेच्या सभागृहात दोनशे मुलं. मी क्षितिज या शब्दावरच बोललो. जिथं आकाश वाकून धरणीला भेटतं ती रेघ कोणा एकाच्या मालकीची नाही, ती सगळ्यांना दिसते. शेवटच्या बाकावरून एक पोट्टा म्हणाला, “दिसते सर, पन जवळ गेलं का पुढं सरकते.” सगळे हसले. मीही हसलो. निरीक्षण चांगलं आहे पोराचं.

क्षितिजची दामिनी नावाची मुलगी सोबत होती. ती मोबाईलवर मुलांचे अर्ज जागच्या जागी भरून घेत होती. ज्यांना सायन्स घ्यायचंच नाही त्यांचेही घेतले. “असू द्या सर, संख्या महत्त्वाची,” म्हणाली. भेदभाव नाही, हे फार आवडलं.

२८ मे

हिवरखेड! नोकरीची पहिली सात वर्षं या गावात गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं कडुनिंबाचं झाड अजून आहे. त्याच्याखाली मी पोरांकडून वृत्तं घोकून घेत असे. पाखरं उडून जात, पोरांना तीही मुभा नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर पांढऱ्या टोपीतला एक आडवातिडवा गृहस्थ पुढं आला.

“सर, वयखलं का? जानराव ताथोड. तुमी कवितेले उभं करा अन् मी म्हनो पोट दुखते.”

ओळखलं! कपाशीच्या शेतातून थेट वर्गात येणारा जानराव. त्याची मुलगी आचल यंदा दहावीला पंच्याण्णव टक्के घेऊन तालुक्यात पहिली आली. लांब वेणी, डोळ्याला डोळा भिडवून बघणारी. तिनं सरकारी ऑनलाइन अर्जात पहिली पसंती अकोल्याच्या जुन्या कॉलेजला दिली आहे. तिथं तिच्या मावशीचं घर जवळ आहे म्हणे.

“दे, पण आकाश मोठं ठेव,” मी म्हटलं. “क्षितिजचाही अर्ज भर.”

जानरावानं विचारलं, “तठी लागन का सर पोरगी?”

“जानराव, क्षितिज सगळ्यांना दिसतं.”

“ते दिसते हो. लागन का म्हनतो मी.”

शेतकऱ्याची ही थेट चाल मला लहानपणापासून मोहवते. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. आशाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, गरम पुऱ्या आणि आमरस वाढला. आमरसाचं वर्णन शार्दूलविक्रीडितात करायला हवं, लहान वृत्तात मावणार नाही. दामिनीनं आचलचा अर्ज भरला.

११ जून

लेखी परीक्षा झाली. साडेतीन हजारांवर अर्ज आले आणि स्वानंदनं केक कापला. आज निवडक मुलांच्या मुलाखती होत्या. मला पॅनेलवर बसवलं होतं, गळ्यात फोटोचं कार्ड. गुण द्यायचे नव्हते, फक्त मान हलवायची होती.

प्रत्येकाला एकच मुख्य प्रश्न: “अपयशानं तुला काय शिकवलं?” एका बिल्डरचा मुलगा म्हणाला, पोहण्याच्या स्पर्धेत मला रौप्यपदक मिळालं तेव्हा मी आतून कोसळलो आणि त्या अंधारात मला मी सापडलो. पॅनेलवरच्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

मग आचल आली. लेखी परीक्षेत ती पहिल्या विसांत आहे. तिलाही तेच विचारलं. म्हणाली, “अजून नापास झाली नाई मी.”

“तरी, काहीतरी अपयश असेल ना?”

“नाई.” मग सगळ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून समजुतीनं म्हणाली, “पुढं होईन तं सांगीन.”

मला हसू आवरेना. बाईंनी शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘आत्मचिंतन कमी’. मी नेमानं मान हलवली.

१८ जून

साठ जणांची निवड झाली. आचल त्यात नाही. वाईट वाटलं, पण अकोला आहेच तिला.

स्वानंदनं वर काचेच्या खोलीत बोलावलं. “सर, आता तुमचं खरं काम. निवडलेल्यांना मोबाईलवर दोन ओळी पाठवल्या, विषय संपला. पण बाकीचे साडेतीन हजार? ते आपली खरी संपत्ती आहेत. पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणी, भाऊ, शेजारी अर्ज करतील. त्यांना दुखवायचं नाही. त्यांना असं पत्र लिहायचं, की ते त्यांनी जपून ठेवलं पाहिजे.”

“नकाराचं पत्र?”

“तो शब्दच नको सर! नाही, नकार, खेद, दुर्दैवानं, यातला एकही शब्द नको. आमच्या मुलांनी केलेले मसुदे बँकेच्या नोटिशीसारखे होतात. म्हणून तर तुम्ही.”

चाळीस वर्षं पोरांच्या निबंधांतलं शुद्धलेखन तपासण्यात गेली. आज पहिल्यांदा कुणी मला माझी भाषा मागितली.

२१ जून

पत्र झालं. खाडाखोड बरीच केली. मुलींसाठीची प्रत इथं उतरवून ठेवतो:

‘प्रिय विद्यार्थिनी, तुझा अर्ज आमच्या हाती आला आणि क्षितिजच्या अंगणात पहाटेच्या प्राजक्ताचा सडा पडला. तुझ्यासारख्या तेजस्वी कळीचं स्थान आमच्या हृदयात कायमचं निश्चित झालं आहे. कळी कोणत्या अंगणात उमलते हे वाऱ्याच्या हाती असतं. तिचा सुगंध मात्र प्रत्येक अंगणाचा असतो. तू जिथं उमलशील ते अंगण धन्य होईल आणि दूरवरून आम्ही म्हणू, ही तर आमचीच! क्षितिज सदैव तुझ्या दृष्टीसमोर राहो. तुझ्या यशस्वी वाटचालीबद्दल तुझं व तुझ्या आईवडिलांचं मनःपूर्वक अभिनंदन.’

रात्रीच्या जेवणाआधी अनसूयेला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं, दोन काड्या बाजूला टाकल्या आणि म्हणाली, “छान आहे. पण त्या पोरीला घेतलं की नाही?”

“अगं, ‘दूरवरून’ हा शब्द आहे ना! सुज्ञ माणसाला तेवढ्यात कळतं.”

“आणि बाकीच्यांना?”

मी म्हटलं, आपल्या वऱ्हाडाला पत्रांची परंपरा आहे. कौंडण्यपूरच्या राजकन्येनं द्वारकेला पत्र धाडलं, तेही काव्यमयच होतं.

“होतं. पण त्यात स्पष्ट होतं, अमुक दिवशी लग्न आहे, अमुक देवळात येते, तिथून घेऊन जा. तुमच्यासारखं पत्र लिहिलं असतं तर बिचारी शिशुपालाच्या घरी स्वैपाक करत बसली असती.”

२४ जून

स्वानंदनं पत्र वाचून मला मिठी मारली. जाड, सायीच्या रंगाचा कागद; भोवती सोनेरी काठ; वर क्षितिजची मोहोर. खाली त्याची सही आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘शब्दांकन: हरिहर मोहरील’. हे मी मागितलं नव्हतं. म्हणजे, फारसं मागितलं नव्हतं.

आज सगळी पत्रं रजिस्टर पोस्टानं निघाली.

३ जुलै

फोन सारखा वाजतो आहे. मोर्शीकडून उत्तमराव नावाचे गृहस्थ बोलले. त्यांच्या नातवाला पत्र आलं. “सर, तुमचे उपकार कसे फेडू? सत्यनारायण घालून राहिलो. पत्र फ्रेम करून देवाजवळ ठेवलं.” आवाज रडवेला झाला होता.

मी भारावून गेलो आहे. नकार मिळाला म्हणून पूजा घालणारा समाज जगात दुसरा कुठं असेल? लोक उगाच म्हणतात वऱ्हाडी माणूस रोखठोक, त्याला शब्दांची नजाकत कळत नाही. नजाकतीनं दिलं तर तो नकारही प्रसादासारखा घेतो.

संध्याकाळी जानरावाचा फोन. आचलचा सत्कार ठेवला आहे रविवारी, प्रमुख पाहुणे म्हणून मलाच यायचं आहे. अनसूयेनं विचारलं, “कशाबद्दल सत्कार?”

“दहावीबद्दल असेल,” मी म्हटलं. “आणि पत्राबद्दल.”

 

६ जुलै

हिवरखेडहून आत्ताच परतलो. काय दिवस होता!

बसस्टँडवरच आचलचा भला मोठा फ्लेक्स. बाजूला माझा फोटो, कुठून मिळवला देव जाणे. निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला. बँड होता. मारुतीच्या पारासमोर मांडव घातला होता. सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक, सगळे हजर. माझ्या डोक्यावर टोपी चढवली, खांद्यावर शेला, हातात नारळ. आचललाही शेला. सोनेरी काठाचं पत्र मुख्याध्यापकांनी माईकवरून दोनदा वाचलं आणि ‘ही तर आमचीच’ या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. एका लेखकाला याहून काय हवं?

मी भाषणात म्हटलं, की दार उघडतं की मिटतं याला महत्त्व नाही, दारापर्यंत चालत जाणाऱ्या पावलांना महत्त्व आहे. पुन्हा टाळ्या. आशाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

जेवणं झाली. रोडगे, वांग्याची भाजी, तुरीचं वरण. ओसरीवर नवी कोरी पत्र्याची पेटी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात ‘कु. आचल जानराव ताथोड’ लिहिलेलं. गुंडाळलेली गादी, बादली, मग.

“अकोल्याचं काय झालं रे?” मी विचारलं.

“अकोल्याचा आता विषयच नाई ठेवला सर,” जानराव पान लावता लावता म्हणाला. मला वाटलं, सगळं आटोपलेलं दिसतं. मावशीकडेच राहणार, तरी पोरीला स्वतःची पेटी हवी असेल. बापाचं मन!

निघताना आचल मला सोडायला फाट्यापर्यंत आली. वाटेत म्हणाली, “सर, एक विचारू?”

“विचार की.”

“त्या पत्रात ‘प्रवेश’ हा शब्द कुठीच नाई. मीनं चारदा वाचलं. तारीख नाई, हजर राहा असं नाई. बाबा म्हनते खाली मोहरील सरचं नाव हाये, म्हंजे पक्कं हाये.”

मला इतका आनंद झाला! एवढ्या गर्दीत एका मुलीनं पत्र वाचलं होतं, खऱ्या अर्थानं.

“शाबास!” मी म्हटलं. “तो शब्द मुद्दामच टाळला आहे. उघड सांगितलं की काव्य संपतं. जे कळायचं ते तुला कळलंच आहे ना?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “कळलं वाटते,” म्हणाली. मग बस आली.

१२ जुलै

अनसूया अचानक म्हणाली, “ती पेटी कुठे न्यायची आहे, ते विचारलंत का जानरावांना?”

“अकोल्याला. अजून कुठे?”

“विचारलंत का?”

“अगं, अशा मंगल प्रसंगी कोणी चौकशा करतं का?”

“मग आज करा. फोन आहे समोर.”

करणार होतो. पण दुपारी झोप लागली आणि संध्याकाळी स्वानंदचं निमंत्रण आलं: एकवीस तारखेला क्षितिजचा पहिला दिवस, माझ्या हस्ते दीपप्रज्वलन. दोन ओळी रचून आणा म्हणाला. त्यातच गुंतलो.

२१ जुलै

घडलं तसं लिहितो.

सकाळी रिक्षानं मार्डी रोडला पोहोचलो तर क्षितिजच्या फाटकाबाहेर ही गर्दी. ट्रॅक्टर, मॅक्स जीपगाड्या, मोटारसायकली. माणसं रस्त्याच्या कडेला पेट्यांवर बसलेली. गाद्या, बादल्या, लोणच्याच्या बरण्या. मला वाटलं, दीपप्रज्वलनाला एवढे लोक आले!

एक ठसठशीत बाई वॉचमनशी भांडत होत्या. लीलाबाई, मोर्शीकडच्या, पोराला घेऊन आलेल्या. “यादीत नाव नाई म्हनता! यादीत कसं नाई राहीन? हे पाय सोनेरी पत्र!”

“मावशी, तेच सांगून राहिलो तुमाले,” वॉचमन म्हणाला. “ज्याच्या हातात सोनेरी पत्र असन त्याले आत सोडायचंच नाई, असा ऑर्डर हाये मले.”

त्यांच्या बाजूनं एक लांब गाडी आली. आतल्या मुलानं मोबाईल दाखवला आणि फाटक उघडलं. रौप्यपदकवाला. फाटक पुन्हा बंद झालं.

मला ते तिथं उभ्या उभ्या कळलं. हळूहळू नाही, एकदम. मुख्याध्यापकांचा माईकवरचा आवाज, टाळ्या, सत्यनारायण, सगळं एका क्षणात उलटं झालं.

“सर! ओ सर!” जानराव. नवं धोतर, कपाळाला गंध. आशाबाई पेटीवर बसलेल्या. आचल भिंतीला टेकून उभी. “सर, बरं झालं तुमी आले. हा वाचमन आयकूनच नाई राहिला. तुमीच सांगा याले.”

मी म्हटलं, “जानराव, अकोल्याची जागा...”

“लागली होती ना! पयल्याच फेरीत, पयल्या नंबरचं कॉलेज. सोडून देल्ली. क्षितिज भेटल्यावर अकोलं कायले?”

पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही जो जात नाही, तो पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाद होतो, उरते फक्त शेवटची खुली फेरी. हे मला दामिनीकडूनच माहीत होतं.

“सर, एक सांगा,” जानराव म्हणाला. आवाज खाली आला होता. “पोरगी लागली का नाई? हौ का नाई, एवढंच सांगा.”

माझ्या तोंडात किती वाक्यं आली. कळी, वारा, अंगण. मी म्हटलं, “थांब, मी आत जाऊन येतो.”

वर काचेच्या खोलीत स्वानंद खिडकीशी उभा होता. खूश होता. “सर, बघा हे दृश्य! मी ड्रोन मागवलाय. एवढी मागणी विदर्भात कोणत्या कॉलेजला आहे सांगा!”

“स्वानंद, या लोकांना वाटतंय त्यांना प्रवेश मिळाला आहे.”

“वाटू द्या ना थोडा वेळ. व्हिडिओ होऊ दे.”

“एका मुलीनं अकोल्याची जागा सोडली. तिचं वर्ष जाईल.”

त्यानं माझा चेहरा पाहिला असावा. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सर, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. तुमच्या त्या मुलीला आपण घेऊ. एक जागा माझ्या अधिकारात आहे. फक्त बाहेर जाऊन बाकीच्यांना तुमच्या पद्धतीनं समजवा. सुंदर शब्दांत. पुढच्या वर्षी नक्की, वगैरे. फाटकाशी आरडाओरड नको.”

खरं लिहितो: खाली उतरताना मला हायसं वाटत होतं. एक तरी वाचली. जिन्यातच मी भाषण जुळवायला लागलो होतो, पहिलं वाक्य तयारही झालं होतं.

जानरावाला आणि आचलला बाजूला घेतलं आणि सांगितलं. अर्थ सांगितला पत्राचा, आणि जागेचंही सांगितलं. आशाबाईंनी तोंडावर पदर धरला. जानराव म्हणाला, “एक जागा हाये म्हनता?”

आचल म्हणाली, “काहून देऊन राहिले ते मले?”

“मी या सगळ्यांना नीट समजावून घरी पाठवावं म्हणून.”

“म्हंजे मी आत जाईन अन् तुमी या लोकायले आनखी एक पत्र वाचून दाखवान.”

“बाई, वर्ष जाईन तुयं,” जानराव म्हणाला.

“गेलंच हाये बाबा. मले अठी यायचंच नोतं. पयलं नाव मीनं अकोल्याचंच टाकलं होतं.” ती माझ्याकडे वळली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. “सर, तुमी या लोकायले सांगा जाऊन. मले नोका सांगू. मले माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“विचारलं होतं ना तुमाले. फाट्यावर.”

मी फाटकाशी गेलो. वॉचमननं स्टूल दिलं, पण त्यावर चढवेना, म्हणून खालीच उभा राहिलो. जिन्यात जुळवलेलं वाक्य आठवत होतं. म्हटलं ते असं:

“मी मोहरील. ते पत्र मी लिहिलं. त्याचा अर्थ, नाही. तुमच्यापैकी कोणाचंच नाव लागलेलं नाही.”

ट्रॅक्टरवरच्या एकानं विचारलं, “मंग तसं लिवाले काय झालतं तुमाले?”

लीलाबाई म्हणाल्या, “अन् सोनेरी काठ काहून लावला?”

मी म्हटलं, “सरकारची शेवटची खुली फेरी परवापर्यंत आहे. ज्यांनी जागा सोडली त्यांनाही अर्ज भरता येतो. मोबाईल काढा. आत्ता भरा, घरी जाऊन नको.”

दुपारपर्यंत क्षितिजच्या भिंतीच्या सावलीत बसून मुलं अर्ज भरत होती. मी कॉलेजांची नावं वाचून दाखवत होतो आणि कुठं जागा शिल्लक आहेत ते. एकाही नावात काव्य नव्हतं. ज्या कॉलेजाला आचलनं पहिली पसंती दिली होती, तिथं शून्य दाखवत होतं. ती बोटानं ते वर सरकवून पुढचं पाहू लागली.

वरून ड्रोन फिरत होता. लहान पोरं त्याला हात करत होती.

२२ जुलै

पेपरात फोटो आला आहे. ‘क्षितिजच्या प्रवेशासाठी पालकांची झुंबड’. भिंतीच्या सावलीतली सगळी माणसं दिसतात, मीही दिसतो, खाली वाकलेला.

स्वानंदचा फोन आला. काल रागावला होता, की एवढं थेट बोलायची काय गरज होती. आज गहिवरला होता. पुढच्या वर्षीसाठी आत्तापासूनच चौकशा सुरू झाल्या म्हणे, शंभरात एकावर नेऊ. पत्राचा नवा मसुदा डिसेंबरपर्यंत दिला तरी चालेल.

गळ्यातलं कार्ड परत करायचं होतं. अनसूया म्हणाली, “द्या इकडे, मी देऊन येते. तुम्ही गेलात तर त्याला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी छान बोलाल.”

गेली आणि अर्ध्या तासात परत आली. काय बोललीस विचारलं तर म्हणाली, “कार्ड घ्या म्हटलं. अजून काय?”

२९ जुलै

उत्तमरावांनी ती फ्रेम माझ्याकडे पाठवली. पत्र काढून घेतलेलं. फ्रेम चांगली आहे, फेकवत नव्हती म्हणून पाठवली, असं आणणाऱ्यानं सांगितलं.

९ ऑगस्ट

खुल्या फेरीची यादी आज लागणार होती. सकाळपासून फोन समोर ठेवून बसलो होतो. आपण फोन करावा का, केला तर काय म्हणावं, याची वाक्यं मनात जुळवत होतो आणि मोडत होतो. अनसूया दोनदा येऊन पाहून गेली.

साडेचारच्या सुमारास आचलचाच फोन आला.

“सर, लागलं.”

“कुठं?”

“अकोटले.”

अकोट हिवरखेडपासून जवळ आहे. जाऊन-येऊन करता येईल, वसतिगृहाची गरज नाही, घरचं जेवण मिळेल, लहान कॉलेजात शिक्षकांचं लक्ष राहतं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

त्याऐवजी विचारलं, “मनासारखं झालं का?”

“नाई,” ती म्हणाली.

यावर मी एकही वाक्य जुळवलं नाही. तिकडं कुठंतरी एस.टी.चा हॉर्न वाजला.

“सर, आहा ना?”

“आहे,” म्हटलं.

“सोमवारपासून वर्ग हाये,” ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.